गॅलरीतली सीतेची वेणी: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा पाहिल्यावर

सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, पुण्यात पूर्वेकडच्या गॅलरीत वाढवते आहे. तिन्ही ऋतू उलटल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, कारण या आमरीचं (ऑर्किडचं) वागणं ऋतूगणिक बदलतं.

बियांपासून प्रयोगशाळेत तयार केलेलं, फुलायच्या वयाचं रोप घेतलं. नर्सरीतून ते ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), प्लॅस्टिकच्या कुंडीत गच्च बसवून आलं. लगेच मोकळं केलं. सह्याद्रीत ही मातीत उगवत नाही. आंबा, फणस, ऐन अशा खरखरीत सालीच्या झाडांवर, चांगला उजेड मिळेल अशा फांद्यांना धरून राहते. अनेकजण तिला बांडगूळ समजतात, पण ती झाडाकडून फक्त आधार घेते. घाटात पाऊस कितीही कोसळला तरी उघडीप मिळाली की फांदी निथळते आणि वारा मुळं सुकवतो. कुंडीत नेमकं हेच होत नाही, म्हणून तिथे मुळं कुजतात.

मी ती सागाच्या फळीवर सुतळीने बांधली. बाकी काही घातलं नाही. मुळांवर मृत पेशींचं स्पंजसारखं जाड आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं, पाणी पडलं की बघता बघता हिरवं होतं. पाणी द्यायचं की नाही हे मी त्या रंगावरूनच ठरवते. पावसाळ्यात मुळांना ओलसर, चकचकीत टोकं फुटली आणि ती फळीला अशी चिकटली की आता रोप हलवायचं तर फळीसकटच.

पावसाळा तिचा वाढीचा काळ. ग्रिलबाहेर, सरळ पावसात टांगली. आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, एवढंच खत. फळी उभी असल्यामुळे पानांच्या बेचक्यात पाणी साचलं नाही. शेंडा कुजण्याची भीती तिथेच असते. थंडीत खत बंद आणि पाणी बरंच कमी केलं. पानांवर थोड्या सुरकुत्या आल्या. येऊ दिल्या. जंगलातही तेव्हा कोरडंच असतं आणि हा विसावा तिला हवा असतो, असं माझं ठाम मत झालंय.

खरी मेहनत उन्हाळ्यात. उष्णता तिला चालते, पण पुण्याची एप्रिलमधली कोरडी हवा जड जाते. कोकणात उकाड्यातही हवेत दमटपणा असतो, इथे तो आपण पुरवायचा: सकाळ-संध्याकाळ पाणी आणि दुपारच्या उन्हाला पन्नास टक्क्यांची शेडनेट. दोन दिवस गावाला जायचं तरी शेजाऱ्यांना सांगून जावं लागतं.

मेमध्ये पानाच्या बगलेतून दांडा निघाला आणि खाली वळत गेला. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके, ओठाची पाकळी गडद, वास अगदी मंद. जंगलातल्या हातभर लोंबणाऱ्या वेणीपेक्षा माझी आखूड होती, पण गच्च भरलेली. साधारण दोन आठवडे टिकली. आसाममध्ये हीच कोपौ फूल, तिथलं राज्यफूल. एप्रिलमध्ये बोहाग बिहूला नाचणाऱ्या मुली ती केसांत माळतात. आपल्याकडे मे-जूनमध्ये फुलते. म्हणून दुसऱ्या प्रदेशातलं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका.

वर्षभर फुलं हवी असतील तर डेंड्रोबियम या दुसऱ्या आमरीचे संकर घ्या, ते यापेक्षा सोपे आहेत. हिच्यासाठी उजेड, वारा आणि उन्हाळ्यातली रोजची हजेरी जमत असेल तर मात्र जरूर घ्या, पण घाटरस्त्याला विकायला ठेवलेली नको. हिचं बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नसाठा नसतो. जंगलात बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं आणि फुलायला पुढे कित्येक वर्षं जातात. ओरबाडलेलं रोप ओळखता येतं: मुळं तुटलेली, त्यांना सालीचे तुकडे चिकटलेले, जुनी पानं किडीने खाल्लेली. विकणाऱ्याला रोप कुठून आणलं ते विचारा. उत्तर देताना तो घुटमळला, तर पुढे चला.