ट्रिएस्टेच्या जुन्या मेंटल हॉस्पिटलमधलं रेस्टॉरंट : इल पोस्तो देल्ले फ्रागोले

नवऱ्याचं आयसीटीपीत, म्हणजे इथल्या फिजिक्सच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात, तीन महिन्यांचं काम आहे म्हणून सध्या आमचा मुक्काम ट्रिएस्टेत. इटलीचा पार ईशान्येचा कोपरा, पलीकडे लगेच स्लोव्हेनिया. फिजिक्सवाल्यांना हे गाव चांगलं माहीत असतं, अब्दुस सलाम यांनी १९६४ साली इथं ती संस्था काढली तेव्हापासून आपल्याकडची बरीच मंडळी येऊन राहून गेलीत. त्यांच्यातलं कुणी परत येणार असेल किंवा कुणाच्या सोबत घरचं माणूस येणार असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. समुद्रावर जा, मिरामारेचा किल्ला बघा, सगळं करा, पण एक दुपार सान जोव्हान्नीच्या पार्कसाठी राखून ठेवा आणि तिथल्या 'इल पोस्तो देल्ले फ्रागोले'मध्ये जेवा. नावाचा अर्थ स्ट्रॉबेरीची जागा. मी आत्तापर्यंत चार वेळा गेलेय.

आधी जेवणाचं सांगते. आम्ही शाकाहारी, त्यामुळे इथल्या प्रसिद्ध योता सूपबद्दल मी पहिल्यांदाच विचारून घेतलं. बीन्स, बटाटा आणि आंबवलेला कोबी असं ते सूप असतं आणि बहुतेक ठिकाणी त्यात डुकराचं मांस घालतात. ऑर्डर घ्यायला आलेल्या माणसाने "थांबा हं" अशी खूण केली, आत जाऊन विचारून आला आणि मान हलवून म्हणाला, आहे, नका घेऊ. मग त्यानेच बोट ठेवून दाखवलं ते न्योकी दी सुसीने. बाई गं, काय पदार्थ आहे! उकडलेल्या बटाट्याची पारी, आत अख्खा प्लम, बी काढून त्या जागी साखर भरलेली, गोळा उकळत्या पाण्यात शिजवायचा आणि वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा नि दालचिनी. गोडाचं असून पहिल्या कोर्सला जेवतात. चमच्याने मोडला की आतून जांभळा रस येतो आणि लोण्यात मिसळतो. उकडीचा मोदक फोडल्यावर सारण दिसतं तेव्हा जे वाटतं ना, अगदी तसंच झालं मला. प्लमच्या सीझनलाच चांगला मिळतो, म्हणजे उन्हाळा संपता संपता, नंतर आलात तर साधा टोमॅटोचा पास्ता घ्या, तोही घरच्यासारखा असतो. फार नटवलेलं, प्लेटवर ठिपके काढलेलं जेवण हवं असेल तर ही ती जागा नाही. पोट भरतं आणि समुद्रकाठच्या हॉटेलांपेक्षा बिल कमी येतं.

कॉफीचं एक लक्षात ठेवा, ट्रिएस्टेत कॉफीची भाषाच वेगळी आहे. एस्प्रेसो हवी तर 'नेरो' म्हणायचं, थोडं दूध घातलेली हवी तर 'कापो' आणि तीच छोट्या काचेच्या ग्लासात हवी असेल तर 'कापो इन बी'. मला आपल्या कटिंगची आठवण येते म्हणून मी ग्लासातलीच घेते.

आता जागेबद्दल, कारण खरं तर मी त्यासाठीच जाते. हा पार्क म्हणजे टेकडीवर चढत गेलेलं जुनं मनोरुग्णालय आहे. ऑस्ट्रियाचं राज्य होतं तेव्हा १९०८ साली बांधलेलं. भोवती भिंत, गेट, आणि १९७१ मध्ये डॉ. फ्रांको बझालिया इथं डायरेक्टर म्हणून आले तेव्हा आत बाराशेच्या आसपास माणसं कोंडलेली. हे बझालिया आधी गोरित्सियाच्या हॉस्पिटलात होते, तिथं पहिल्याच दिवशी रात्री कुणाकुणाला बांधून ठेवलं त्याचं रजिस्टर सहीला समोर आलं आणि ते म्हणाले मी सही करणार नाही. ट्रिएस्टेत त्यांनी वॉर्डांची दारं उघडली, हळूहळू माणसं शहरात राहायला गेली, १९७८ मध्ये इटलीत कायदा क्रमांक १८० आला आणि देशभरातली मनोरुग्णालयं बंद करायचं ठरलं. जगात असं करणारा पहिला देश. एका भिंतीवर इटालियनमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलंय, स्वातंत्र्य हाच उपचार आहे.

पण मला ज्या गोष्टीने धरून ठेवलं ती दारं उघडण्याची नाही, ती पगाराची आहे, आणि हे नीट सांगायचं तर आधी आमच्या घरचं सांगावं लागेल.

माझा धाकटा काका फिटर होता. मिरजेला आमचं एकत्र घर. पंचविशीत त्याला स्किझोफ्रेनिया झाला, दोन वर्षं फार वाईट गेली, मग औषधं लागू पडली आणि तो खरोखर सावरला. सावरल्यावर तो जुन्या कंपनीत तीनदा जाऊन आला, तिन्ही वेळा गेटवर वॉचमनने सांगितलं साहेब नाहीत. चौथ्यांदा तो गेला नाही. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं तो घरीच आहे, बाजारहाट करतो, मुलांना शाळेत सोडतो, घरातला प्रत्येक पंखा आणि नळ त्याने दुरुस्त केलाय, आणि दर एक तारखेला माझे वडील त्याला हातखर्चाला पैसे देतात. हातखर्च हाच शब्द आहे आमच्याकडे. प्रेमानेच देतात, यात कुणाचा दोष नाही, पण पन्नाशी उलटलेला माणूस ते पैसे घेताना कधी समोर बघत नाही हे मी लहानपणापासून बघत आलेय. औषधांमुळे त्याच्या हाताला कंप असतो. पाहुण्यांना चहा द्यायला उठला की बशीत सांडतो आणि आजी म्हणायची राहू दे रे, तू बस.

तर या हॉस्पिटलात पण रुग्ण काम करायचेच. लॉन्ड्री, स्वैपाकघर, वॉर्डांची झाडलोट, सगळं. त्याला उपचार म्हणायचे आणि बदल्यात सिगरेटी किंवा किरकोळ पैसे द्यायचे. बझालियांच्या टीमने विचारलं की हाच माणूस बाहेर झाडलोट करत असता तर त्याला पगार मिळाला असता, मग आत का नाही? १९७२-७३ मध्ये त्यातूनच रुग्णांची स्वतःची सहकारी संस्था निघाली, कोऑपेरातीव्हा लावोरातोरी उनिती, म्हणजे एकजूट कामगारांची सहकारी संस्था. सुरुवातीला साठेक सभासद. त्याच वॉर्डांची त्याच माणसांनी करायची तीच सफाई, पण आता कंत्राट घेऊन आणि युनियनने ठरवलेल्या दराने. काम तसूभरही बदललं नाही, फक्त हातखर्चाचा पगार झाला. हे मी वाचलं तेव्हा कॉफी गार होईपर्यंत नुसती बसून होते.

त्याच वर्षी, १९७३ मध्ये, इथल्या लोकांनी कागदाच्या लगद्याचा मोठ्ठा निळा घोडा बनवला, नाव मार्को काव्हाल्लो. मार्को नावाचा खरा घोडा हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीची गाडी ओढायचा, म्हातारा झाल्यावर त्याला कत्तलखान्यात पाठवणार होते आणि रुग्णांनी पत्र लिहून त्याला वाचवलं होतं. कागदाचा घोडा मात्र इतका उंच झाला की दारातून निघेना, शेवटी दार फोडून बाहेर काढला आणि रुग्ण, नर्स, डॉक्टर असे सगळे त्याच्यामागे शहरभर फिरले.

आज त्या आवारात युनिव्हर्सिटीचे विभाग आहेत, आरोग्य खात्याची ऑफिसं आहेत, रेडिओ फ्रागोला नावाचं रेडिओ स्टेशन आहे आणि हजारो झाडांची गुलाबाची बाग आहे. रेस्टॉरंट त्यातच मध्यावर, झाडाखाली टेबलं, दुपारी प्रोफेसर, नर्सेस, कुत्रा फिरवायला आलेले आजोबा असे सगळे एकत्र जेवत असतात. चालवतात सामाजिक सहकारी संस्थावाले. इटलीत यासाठी १९९१ चा कायदा क्रमांक ३८१ आहे आणि त्यात दोन प्रकार, ए आणि बी. ए म्हणजे शिक्षण, आरोग्य, म्हाताऱ्यांची देखभाल अशा सेवा देणाऱ्या संस्था. बी म्हणजे कुठलाही धंदा करा, हॉटेल, बागकाम, शिवणकाम, पण कामगारांपैकी निदान ३० टक्के माणसं अशी हवीत ज्यांना बाहेर कुणी उभं करत नाही, मानसिक आजारातून आलेले, अपंगत्व असलेले, व्यसनातून सुटलेले, तुरुंगातून कामावर येणारे. त्यांना शक्य तितकं सभासदही करून घ्यायचं. बदल्यात या कामगारांच्या सोशल सिक्युरिटीचे पैसे भरायला संस्थेला पूर्ण किंवा बरीचशी माफी, आणि नगरपालिका किंवा सरकारी खातं ठराविक रकमेपर्यंतचं काम नेहमीचं टेंडर न काढता, साधी निवड करून त्यांना देऊ शकतं. म्हणजे दानधर्म नाही, धंद्याचीच सोय करून दिली.

हा कायदा काही एकट्या ट्रिएस्टेमुळे आला नाही. उत्तर इटलीतल्या ब्रेशियाकडे चर्चशी जोडलेली मंडळी १९६० च्या दशकापासून अशा संस्था काढत होती. इथले डावे आणि तिथले कॅथलिक, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, कायदा मात्र दोघांच्या कामातून झाला. आणि मग युरोपभर पसरला, प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने केला. पोर्तुगालने १९९८ मध्ये, ग्रीसने १९९९ मध्ये खास मानसिक आजारातून गेलेल्या लोकांच्या सहकारी संस्थांसाठी, फ्रान्सने २००१ मध्ये असा प्रकार आणला ज्यात कामगार, गिऱ्हाईक आणि नगरपालिका तिघेही एकाच संस्थेचे सभासद होऊ शकतात, पोलंडने २००६ मध्ये. ब्रिटनने २००५ पासून कंपनीचाच एक वेगळा प्रकार केला ज्यात मालमत्ता समाजासाठीच बांधलेली राहते. २०२१ च्या डिसेंबरात युरोपियन कमिशनने सोशल इकॉनॉमीचा आराखडा काढला तेव्हा युरोपियन युनियनमध्ये अशा सगळ्या मिळून २८ लाख संस्था आणि १ कोटी ३६ लाख नोकऱ्या असल्याचं त्यात लिहिलं होतं. यात मोठ्या सहकारी संस्था, म्युच्युअल विमा सोसायट्या, ट्रस्ट सगळंच धरलंय, नुसती अशी रेस्टॉरंटं नाहीत, त्यामुळे आकडा बघून फार हुरळून जाऊ नका.

आणि सगळं गोडगोडही नाही. सरकारी कामावर जगणाऱ्या संस्थेला राजकारण चिकटतंच, ते आपल्याला कुणी शिकवायला नको, साखर कारखाने बघत मोठे झालोत आपण. रोममध्ये २०१४ मध्ये कंत्राटांच्या मोठ्या घोटाळ्यात सामाजिक सहकारी संस्थांमधली माणसं पकडली गेली होती. दुसरं म्हणजे जिथं सगळ्यात कमी दर भरणाऱ्यालाच काम मिळतं तिथं हळू काम करणाऱ्या माणसाला सांभाळून घेणारी संस्था टिकणार कशी? म्हणून मला स्वतःला ही रेस्टॉरंटवाली वाट जास्त आवडते, इथं रोजचं गिऱ्हाईक साधं आहे, त्याला जेवण आवडलं तर परत येतं.

एक मात्र सांगायलाच हवं. पहिल्या दिवशी ३० टक्क्यांचं डोक्यात असल्यामुळे मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक वेटरकडे बघत होते, हा त्यातला असेल का, ती असेल का. माझा कापो इन बी घेऊन जो आला त्याच्या हाताकडे तर मी टक लावून बघत होते, हलतोय का म्हणून. त्याने ग्लास ठेवला, साखरेची पुडी सरकवली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. मला इतकी लाज वाटली. आमच्याकडे येणारे पाहुणे काकाकडे असंच बघायचे. कुणालाही काही विचारू नका, फोटो काढत फिरू नका, कुणाच्या कपाळावर काही लिहिलेलं नाही आणि नसणारच, जेवा आणि बिल द्या.

बिल मी जपून ठेवलंय. त्याचा आणि न्योकीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली सगळं लिहिलं, लॉन्ड्रीचं, घोड्याचं, सहकारी संस्थेचं. आईने विचारलं लोणी किती घातलंय, बहिणीला घोडा आवडला. काका ग्रुपवर कधीच लिहीत नाही. रात्री त्याचा वेगळा फोन आला, सरळ मला. म्हणाला, "तिथं पीएफ कापतात का गं?" मी म्हटलं काका, कायद्यात या कामगारांसाठी वेगळी सोय आहे, संस्थेला त्यांचे पैसे भरायला माफी असते. मग विचारलं हजेरी कशी असते, कार्ड पंच करतात का, सुट्टी किती, फिटरला काम असतं का तिथं. अर्धा तास बोलत होता, माझ्याकडे निम्म्या प्रश्नांची उत्तरं नव्हती म्हणून वहीत लिहून घेतले.

जायचं असेल तर शहरातून सान जोव्हान्नीला बस आहे, टेकडी चढायची नसेल तर वरच्या अंगाने उतरत या. बोरा वारा सुटलेला असेल त्या दिवशी बाहेरच्या टेबलाचा नाद सोडा. मी गुरुवारी परत जातेय, वही घेऊन, इटालियन येणारी शेजारीण सोबत आहे.