रयतचं हायस्कूल आणि वाडीवरची झेडपी शाळा: सुधारणा कुठे सोपी?

रयतच्या हायस्कूलात मुख्याध्यापकाच्या पाठीशी रयत शिक्षण संस्था असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी ती सुरू केली. आजही माजी विद्यार्थ्यांची आपुलकी शाळेच्या कामी येते. अडचण एकच, घडी बसते न बसते तोच मुख्याध्यापक साहेबांची बदली होते.

पाटण-जावळीच्या डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेचं दुखणं वेगळं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर गेला तर. वाडीवर एवढी मुलं आणायची कुठून? मग एक गुरुजीच मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळतात: पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, केंद्रप्रमुखांची बैठक. ते बैठकीला गेले की सगळ्या इयत्ता एकाच बाईंकडे. हे मला फार टोचतं.

तरी माझा कौल झेडपीला. तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. गुरुजी संध्याकाळी पारावर बोलले, तर गळकं छप्पर आठवड्यात शाकारलं जातं. फक्त त्यांच्या हातातले कागद आधी कमी करा.