न्यू डील की ग्रेट सोसायटी: आधी काय वाचावं?

अमेरिकेतल्या उदारमतवादी सुधारणांवर प्रकल्प किंवा मोठा लेख करायचा, तर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची ‘न्यू डील’ (१९३३ पासून) आणि राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची ‘ग्रेट सोसायटी’ (१९६४ पासून), म्हणजे त्यांच्या सरकारांनी आणलेले कायदे आणि योजना, असे दोन मोठे पर्याय आहेत. दोन्ही एका दमात झेपत नाहीत. माझा कौल जॉन्सनना.

न्यू डील सांगायला सोपी. मंदीत साधारण चौथा हिस्सा कामगार बेकार, बँका बुडालेल्या, आणि केंद्र सरकार म्हातारपणाची जबाबदारी अंगावर घेतं. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा हा तिचा कणा. व्हरमाँटच्या आयडा मे फुलर यांना १९४० च्या जानेवारीत या कायद्याखालचा पहिला मासिक पेन्शनचा धनादेश मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. तोवर त्यांनी पेन्शनसाठी कर म्हणून भरले होते एकूण २४ डॉलर ७५ सेंट. दुसऱ्याच महिन्यात पैसे वसूल! १९३८ चं तासाला २५ सेंट किमान वेतनही याच काळातलं.

पण १९३५ च्या कायद्यातून कोण वगळलं, तेही बघा. शेतमजूर नाहीत, घरकाम करणारे नाहीत. दक्षिणेतले बहुतेक काळे कामगार नेमके याच कामांत होते. हे मुद्दाम केलं की कर वसुलीची अडचण म्हणून, यावर इतिहासकार अजून भांडतात. दक्षिणेतल्या डेमोक्रॅट खासदारांशिवाय रूझवेल्ट यांचं पान हलत नव्हतं, हे मात्र खरं.

जॉन्सन स्वतः टेक्सासचे, म्हणजे दक्षिणेतलेच, आणि सिनेटच्या खाचाखोचा तोंडपाठ. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि त्याच वर्षी मेडिकेअर. यातलं मेडिकेअर सावकाश वाचा. वरवर तो वृद्धांच्या औषधोपचाराचा कायदा. पण भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा नाही, हे १९६४ मध्येच ठरलं होतं. त्यामुळे काळ्या-गोऱ्यांचे वॉर्ड वेगळे ठेवणाऱ्या रुग्णालयांची १९६६ मध्ये पंचाईत झाली: वॉर्ड एक करा, नाहीतर मेडिकेअरचे पैसे विसरा. शेकडो रुग्णालयांनी काही महिन्यांत वॉर्ड एक केले. नैतिक आवाहनापेक्षा तिजोरीची किल्ली कशी कामाला येते, ते इथे दिसतं.

आपल्याशी थेट नातंही याच काळाचं. भारतीयांना स्थलांतराचा कोटा होता वर्षाला १००. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्यांची पद्धतच मोडीत काढली. पुढे तिथे गेलेली मराठी डॉक्टर-इंजिनिअर मंडळी बहुतेक याच वाटेने गेली.

ग्रेट सोसायटीचा तोटा म्हणजे पसारा. शाळा, गरिबी, घरं, कला, सगळीकडे योजना, आणि व्हिएतनामचं युद्ध मध्येमध्ये घुसत राहतं. तुमचा विषय पेन्शन किंवा कामगार संघटना असेल, तर सरळ न्यू डील घ्या. बाकीच्यांनी १९३५ च्या कायद्यातल्या वगळणुकीच्या तरतुदी तेवढ्या वाचाव्यात आणि थेट १९६४ वर यावं.