रजा न घेताच संपली : कारखान्यात जाणाऱ्यांनो, नोंदवही एकदा बघाच

पगार कमी आला तर लगेच कळतं. मोबाईलवर मेसेज येतो, आकडा दिसतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन भांडता येतं. रजा चोरली तर वर्षानुवर्षं कळत नाही, कारण ती चोरी फक्त एका वहीत होते आणि ती वही तुमच्या हातात कधी येत नाही. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या बाजूला कामाला जाणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितेय.

कारखान्याचं नाव लिहीत नाही, प्रकरणातला काही भाग अजून चालू आहे. सुटे भाग करणारं मशीन शॉप आहे. मी फायनल इन्स्पेक्शनला होते. प्लग गेज घालून बोअर, म्हणजे भोकाचा आकार, बघायचा, व्हर्नियरने माप घ्यायचं, रिपोर्टवर आकडे लिहून तारीख घालून सही करायची आणि माल पॅकिंगला सोडायचा. निम्मे कामगार कंपनीच्या हजेरीवर, निम्मे ठेकेदाराच्या. येळ्ळूर, पिरनवाडी, मजगाव, अनगोळ, खानापूरकडचे लोक, म्हणजे बहुतेक सगळे मराठी बोलणारे. याचा संबंध पुढे येतो.

आमच्या गावची लक्ष्मी यात्रा दरवर्षी नसते, बऱ्याच वर्षांनी भरते. माहेरवाशिणी येतात, घरात पाहुण्यांची रीघ लागते. त्या आठवड्यात घरातली सून कामावर गेली तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून मी रीतसर, पंधरा दिवसांच्या आधीच रजेचा अर्ज दिला. टाइम ऑफिसचा क्लार्क स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "अक्का, रजा कुठं शिल्लक हाय? सगळी घेतलाय की तुमी."

मला हसूच आलं. सासऱ्यांच्या दिवसकार्यालासुद्धा मी रविवार गाठून राहिले होते आणि वरचा दिवस बिनपगारी गेला होता. मग घेतली कधी? आमचे सुपरवायझर अण्णा मध्ये पडले म्हणून रजेची नोंदवही टेबलावर आली.

ते पान अजून डोळ्यांसमोर आहे. माझ्या नावापुढे वर्षभराच्या रजा ओळीने लिहिलेल्या. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत एकच पेन, एकच शाई, एकाच बैठकीत भरल्यासारखं अक्षर. सहीच्या रकान्यात इंग्रजी आद्याक्षरं. मी आयुष्यात कधी इंग्रजीत सही केलेली नाही. बँकेत, शाळेत, रेशनला, सगळीकडे पूर्ण नाव मराठीत. आणि त्या रजांमधली एक तारीख होती १ नोव्हेंबर!

आपल्याकडे १ नोव्हेंबर म्हणजे एकीकडे कर्नाटक स्थापनेचा राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस. कोण काय पाळतो ते राहू दे, पण त्या दिवशी कारखान्याचं गेट बंद असतं हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. कर्नाटकाचा १९६३ चा राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्ट्यांचा कायदा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि वर आणखी पाच सण, एवढ्या पगारी सुट्ट्या त्यात आहेत. त्या दिवशी काम करून घेतलं तर दुप्पट पगार, नाहीतर त्या दिवसाचा पगार आणि वर बदली सुट्टी. या सुट्ट्या हक्काच्या रजेतून कापता येत नाहीत. आमच्या क्लार्कने गेट बंद असलेल्या दिवशी मला रजेवर पाठवलं होतं. खोटं लिहायचं तर निदान कॅलेंडर तरी समोर ठेवावं!

बाकीच्या तारखांचा छडा इन्स्पेक्शन रिपोर्टांनी लावला. वहीत मी रजेवर होते त्या दिवशीचे माझ्या अक्षरातले, माझ्या मराठी सहीचे रिपोर्ट क्यूसीच्या, म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या आमच्या विभागाच्या, फाईलमध्ये होते. मी त्यांचे फोटो काढले. फाईल आमच्याच टेबलामागच्या रॅकवर, चोरून काही करावं लागलं नाही. तीन-चार तारखा अशाही निघाल्या की ज्या दिवशी ऑर्डर नाही म्हणून "उद्या कुणी येऊ नका" असा निरोप आदल्या संध्याकाळी कंपनीनेच दिला होता. काम नसल्यामुळे मालकाने घरी बसवलेला दिवस कामगाराच्या रजेत घालायचा, हा आमच्याकडचा जुना धंदा निघाला.

हिशेब काय, तोही सांगते, कारण तो माहीत नसेल तर वही बघूनही काही समजत नाही. ही हकीकत १९४८ च्या कारखाने कायद्याच्या वेळची. त्यात वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी, केलेल्या दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. ३०० दिवस भरले तर १५ दिवस. ले-ऑफचे, म्हणजे काम नाही म्हणून मालकाने घरी बसवलेले, दिवस २४० मध्ये धरायचे. वर्षाच्या मध्ये लागलेल्याला उरलेल्या दिवसांचे दोन तृतीयांश भरले तरी पुरे. रजा मागितली आणि दिली नाही, तर नाकारलेली रजा पुढे साठत जाते, तिला मर्यादा नाही. म्हणूनच अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी मागितलेली रजा कुणी नाकारली हे सिद्ध कसं करणार? काम सोडलं किंवा काढून टाकलं तर शिल्लक रजेचे पैसे दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मिळायला हवेत, तिथे २४० ची अटही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात २४० चे १८० झाले, वीसाला एक हे प्रमाण तेच राहिलं, आणि वर्षअखेर शिल्लक रजेचे पैसे मागण्याचाही हक्क आला.

आता बोनसचा कागद. दिवाळीच्या तोंडावर संध्याकाळी शिफ्ट सुटताना रांग लावायची, एकेकाला पाकीट द्यायचं आणि कागदावर बोट ठेवून "इथं सही करा" म्हणायचं. कागद पूर्ण कन्नडमध्ये. मागे पन्नास माणसं, बाहेर शेवटची बस उभी. यात कामगाराचं चुकलं म्हणणारे भेटतात. त्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहून बघावं. पुढे शेजारच्या कन्नड माध्यमातल्या मुलीकडून तो कागद वाचून घेतला, तेव्हा कळलं की पाकिटातली एकच रक्कम दोन रकान्यांत फोडली होती, थोडी बोनस म्हणून आणि थोडी 'रजेचा पगार' म्हणून. म्हणजे ८.३३ टक्क्यांचा किमान बोनसही पुरता नाही, आणि रजेचे पैसे दिल्याचा पुरावा मात्र आमच्याच सहीचा.

आणखी एक गोष्ट. त्या जुन्या कारखाने कायद्याचं कलम १०८ म्हणायचं की कायद्याचा गोषवारा आणि सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लावायच्या. म्हणजे सीमाभागातल्या आमच्यासारख्या शॉपमध्ये ती पाटी मराठीत हवी होती. आमच्याकडे होती ती इंग्रजी-कन्नड, तीही कॅन्टीनच्या दारामागे, वर कॅलेंडर टांगलेलं.

तक्रारअर्ज मी मराठीत लिहिला. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. तरी सोबत कन्नड प्रत जोडली. वाचणाऱ्याने अर्ज बाजूला न ठेवता लगेच वाचावा, एवढाच हेतू. एक प्रत कारखाने खात्याला, एक कामगार खात्याला, दोन्हींवर पोच. सोबत वहीच्या पानाचा फोटो, त्याच तारखांचे इन्स्पेक्शन रिपोर्ट, अण्णांनी तोंडी नव्हे तर लिहून दिलेलं पत्र. अण्णांचं कौतुक वाटतं. त्यांना निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती आणि तरी त्यांनी लिहून दिलं.

तपासणीची नोटीस लागल्यावर मालकांनी बोलावून घेतलं. चहा आला, "आपल्या घरातली माणसं तुम्ही" वगैरे झालं आणि अलीकडच्या दोन वर्षांच्या रजेचे पैसे द्यायला तयार झाले. पण पुन्हा कागद पुढे आला, पुन्हा कन्नडमध्ये. मी म्हटलं, उद्या सही करते, कागद घरी नेते. चेहरे बघण्यासारखे झाले होते. त्यात शेवटी लिहिलं होतं की आजवरची सर्व देणी पोचली, कसलीही तक्रार उरली नाही. ती ओळ मी खोडली, बाजूला मराठीत लिहिलं, "फक्त या दोन वर्षांच्या रजेची रक्कम मिळाली, बाकी हक्क राखून", आणि मग सही केली. पैसे बँकेतच घेतले. दावा लावायला जुन्या वेतन कायद्यात बारा महिनेच मिळायचे, नव्या संहितांपैकी वेतन संहितेत ती मुदत तीन वर्षं आहे. त्यामुळे मागच्या जुन्या वर्षांचं मात्र गेल्यातच जमा.

खरं अडकलंय ते ठेकेदाराकडच्या पोरांचं. त्यांच्या पगारपत्रकावर ठेकेदाराचं नाव दर काही महिन्यांनी बदलतं. माणूस तोच, मशीन तेच, शिक्का नवा. मध्ये आठ दिवसांचा ब्रेक देतात आणि वर्षअखेरीस सांगतात, तुमचे दिवसच भरले नाहीत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याच्या पीएफच्या पासबुकात कुठल्या महिन्यात कुठल्या आस्थापनेकडून पैसे भरले ते बघा, नावं बदलल्याचा पत्ता तिथेच लागतो. गेटवरची हजेरी, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप निरोप जपून ठेवायला सांगा. ओव्हरटाइमही दुप्पट दराने असतो, आमच्याकडे 'एक्स्ट्रा' म्हणून एकेरी देतात. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, ही तरतूद १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. त्याच आधारावर त्या पोरांचा अर्ज गेला आहे. अजून तारीख लागलेली नाही.