‘तयार स्पंज’ म्हणून मला कोरा स्पंज विकला गेला

नवीन फिश टँक लावताना कोणी फिल्टरसाठी ‘सहा महिने चाललेला तयार स्पंज’ विकायला आला, तर तो पिळून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मी दिले आणि आठातले पाच निऑन टेट्रा मासे गेले.

मुळात ही कल्पना खोटी नाही, म्हणून तर मी फसले. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, नायट्रेट बरंच सौम्य. हे जिवाणू मुख्यतः स्पंजला, सिरॅमिक रिंगांना, वाळूला धरून राहतात. नव्या टँकमध्ये ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे सहज लागतात. चालत्या टँकमधला मुरलेला स्पंज आणून लावला, तर यातले बरेच दिवस वाचतात.

विक्रेत्याने तपकिरी, ओला स्पंज दिला आणि वर ‘जिवाणूंनी भरलेलं’ जुन्या टँकचं पाणी एका बाटलीत विकलं. “ताई, आजच मासे सोडा, काही तपासायची गरज नाही,” असं ठामपणे सांगितलं. जिवाणू पाण्यात जवळपास नसतातच, मग त्या बाटलीत काय होतं? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, “आई, सगळे वर येऊन तोंड उघडतायत.” कल्ले लालभडक झाले होते. थेंबांच्या किटने तपासलं, तर पिवळं राहायला हवं ते पाणी हिरवं झालं. अमोनिया 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग), आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप, 8. पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. रोज अर्धं पाणी बदलूनही पाच मासे वाचले नाहीत.

विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, “तुम्ही नळाचं पाणी घातलं असणार, क्लोरीनने जिवाणू मेले.” क्लोरीनने ते मरतात हे खरंच आहे, आणि म्हणूनच हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं. मी पाण्यात क्लोरीन घालवणारं औषध टाकलेलं होतं, पण ते सिद्ध कसं करणार?

मग ओळखीतल्या एका काकांनी, जे कित्येक वर्षं मासे पाळतात, दोन काचेचे पेले मांडले. एकात त्यांचा स्पंज पिळला, दुसऱ्यात माझा. त्यांच्या पेल्यात दाट, मातकट गाळ उतरला आणि थोड्या वेळात तळाशी बसला. पावसानंतरच्या मातीसारखा वास. माझ्या पेल्यात चहासारखं स्वच्छ तपकिरी पाणी होतं, तळाशी कणही नाही. नंतर त्यांनी माझा स्पंज कात्रीने मधोमध कापला. आतून पांढराशुभ्र. वरून फक्त रंग चढवलेला.

गाळ म्हणजे जिवाणूच नव्हेत, हे काकांनी लगेच बजावलं. खात्री एकाच गोष्टीने होते: मासे सोडण्याआधी टँकमध्ये 2 पीपीएम इतका अमोनिया घालायचा आणि 24 तासांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आहेत का ते बघायचं. विकणारा ‘तपासू नका’ म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. स्पंज चालत्या फिल्टरमधून तुमच्या डोळ्यांदेखत काढायला सांगा आणि त्या टँकमधले मासे निरोगी आहेत का तेही बघा, कारण स्पंजाबरोबर रोगही येतो. वाळलेला किंवा नळाखाली धुतलेला घेऊ नका.

काकांनी त्यांच्या स्पंजाचा अर्धा तुकडा त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून दिला. तो सुकू न देता मी तडक घरी आणून फिल्टरमध्ये बसवला. अमोनिया रोज मोजत होते. तिसऱ्या दिवशी थेंब पिवळे राहिले, आणि उरलेले तिघं पुन्हा मधल्या पाण्यात फिरू लागले.