इनपुट घेणाऱ्या प्रोग्रामसाठी पायटेस्ट: दूध केंद्रावरचा अनुभव

आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलाय. सभासद क्रमांक, लिटर, फॅट टाइप केलं की बिल तयार. एका पहाटे रांग लागलेली असताना फॅटच्या जागी नुसतंच एंटर दाबलं गेलं आणि प्रोग्राम व्हॅल्यूएरर देऊन बंद पडला. किटल्या घेऊन ताटकळलेली माणसं अजून डोळ्यांसमोर आहेत. त्यानंतर काहीही बदललं की मी तेच तेच आकडे हाताने टाकून बघायचो. पायटेस्टने, म्हणजे पायथॉनचे प्रोग्राम आपोआप तपासणाऱ्या साधनाने, त्यातून सोडवलं. फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही झटक्यात चालतं.

सुरुवातीला मात्र गोंधळलो. इनपुट (टाइप केलेलं वाचणारी पायथॉनची आज्ञा) असलेलं फंक्शन टेस्टमधून, म्हणजे तपासणीच्या कोडमधून, तसंच चालवलं की ओएसएरर येतो, कारण टेस्ट चालू असताना पायटेस्ट कीबोर्डवरून काही वाचूच देत नाही. संदेशात पायटेस्टच्या कमांडला ‘मायनस एस’ हा पर्याय लावायचं सुचवलेलं असतं. ते लावलं तर टेस्ट तुमच्या टायपिंगची वाट बघत बसते, मग उपयोग काय? खरा उपाय मंकीपॅच, म्हणजे टेस्टपुरती एखादी गोष्ट बदलून ठेवायची पायटेस्टमधली सोय. इनपुटच्या जागी ठरलेलं उत्तर देणारं आपलं लॅम्डा (एका ओळीचं बिननावाचं फंक्शन) बसवायचं; टेस्ट संपली की मूळ इनपुट आपोआप जागेवर येतं. प्रॉम्प्टसाठी, म्हणजे इनपुट पडद्यावर दाखवतं त्या प्रश्नासाठी, लॅम्डाला एक आर्ग्युमेंट ठेवायला विसरू नका, नाहीतर टाइपएरर.

ओळीने तीन-चार उत्तरं द्यायची तर मला दुसरी पद्धत जास्त आवडते: मंकीपॅचनेच स्टँडर्ड इनपुटच्या (प्रोग्राम टाइप केलेलं जिथून वाचतो त्याच्या) जागी स्ट्रिंगआयओ, म्हणजे फाइलसारखा ओळीओळीने वाचता येणारा मजकूर, ठेवायचं. त्यात मध्ये एक रिकामी ओळ घातली, की झालं ते पहाटेचं एंटर! शिवाय असं केलं की प्रॉम्प्टही छापला जातो, त्यामुळे ‘फॅट किती?’ दोनदा विचारलं का, हे कॅपसिसने (छापलेलं पकडून ठेवणाऱ्या पायटेस्टच्या सोयीने) तपासता येतं. लॅम्डा बसवलं तर प्रॉम्प्ट छापलाच जात नाही. ओळी संपूनही प्रोग्राम विचारत राहिला तर ईओएफएरर येतो, म्हणजे चूक लपत नाही.

एका टेस्टमध्ये आकडे देवनागरीत दिले, कारण केंद्रावर कधी कधी मराठी कीबोर्ड चालू राहतो. ‘६.५’ फ्लोटने, म्हणजे मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या पायथॉनच्या आज्ञेने, बिनतक्रार घेतलं. फार बरं वाटलं.

६.५ ऐवजी ६५ टाइप झालं तर? हे पायटेस्ट सुचवत नाही. माप घेणाऱ्या मामांनी सुचवलं. ती टेस्ट आज लिहिली, आणि ती नापास झाली. आता फॅटला वरची मर्यादा घालतोय.