पाळीव सापावरील माइट: अंघोळ, फिप्रोनिल की आयव्हरमेक्टिन?

पाण्याच्या वाडग्यात मिरपुडीसारखे काळे ठिपके तरंगू लागले, साप तासन्‌तास त्याच पाण्यात वेटोळे घालून बसू लागला आणि हनुवटीखालच्या खाचेत किंवा डोळ्यांच्या कडेला काहीतरी सरकताना दिसले, की ऑफिओनिसस नॅट्रिसिस हा रक्तशोषक माइट, म्हणजे गोचिडासारखा पण अगदी बारीक परजीवी, घरात शिरला आहे असे धरून चालावे. येथील विचार बॉल पायथन, कॉर्न स्नेक यांसारख्या विदेशी सापांपुरता आहे. धामण, मांडूळ किंवा आपला अजगर घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच आहे.

उपाय निवडण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या माइटच्या पाच अवस्थांपैकी केवळ दोनच रक्त पितात, मादी अंडी सापावर न घालता सापाच्या पेटीच्या सांधीकोपऱ्यांत आणि तळाच्या दमट भुशात घालते, आणि २५ ते ३० अंश तापमानात अंड्यापासून प्रौढ माइट तयार होण्यास साधारण १३ ते १९ दिवस पुरतात. म्हणजे सापाच्या अंगावर जे दिसते ते एकूण संकटाचा लहानसा भाग असते, आणि कोणत्याही औषधाची पारख ते पेटीपर्यंत पोहोचते की नाही यावरच करावी, असे माझे मत आहे.

या कसोटीवर कोमट पाण्याची अंघोळ सर्वांत दुबळी ठरते. अंगावरचे बरेच माइट बुडतात खरे; परंतु उरलेले पाण्याबाहेर राहिलेल्या डोक्याकडे चढतात आणि अंड्यांना तर धक्काही लागत नाही. ऑलिव्ह तेलाचा बोळा डोळ्यांभोवतीच्या माइटना गुदमरवतो, तेव्हा नाजूक पिल्लासाठी ही जोडी पहिल्या दिवशीचा दिलासा म्हणून योग्य आहे, त्यापुढे नाही. कडुलिंबाच्या तेलाचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो, पण प्रत्येक बाटलीची तीव्रता वेगळी असल्याने मी त्यावर विसंबणार नाही.

कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारा ०.२५ टक्के फिप्रोनिलचा स्प्रे मात्र साप आणि पेटी या दोन्ही आघाड्यांवर चालतो. तो सापावर थेट न फवारता कापडावर घेऊन, डोळे व तोंड टाळून अंगावरून पुसावा, पाच मिनिटांनी पाण्याने धुवावा आणि ७ ते १० दिवसांनी हाच क्रम पुन्हा करावा. रिकामी पेटी वेगळी फवारून, पूर्ण वाळल्यानंतर आणि वास गेल्यानंतरच साप परत सोडावा. त्यातील अल्कोहोलमुळे पिल्ले व अशक्त साप यांच्याबाबत हात आखडता घ्यावा लागतो. मराठवाड्यात येथे आणखी एक धोका आहे: कापसावरील फुलकिड्यांसाठी आणलेले पाच टक्क्यांचे फिप्रोनिल अनेक घरांच्या कोपऱ्यात पडलेले असते, आणि ‘औषध तेच तर आहे’ म्हणून ते पाण्यात मिसळून वापरण्याचा मोह होतो. शेतीचे ते द्रावण प्राण्याच्या कातडीसाठी बनवलेले नाही. ते शेतातच राहू द्यावे.

आयव्हरमेक्टिन हे टोचण्याचे औषध आतून काम करते, म्हणून रक्त पिणारा माइट हमखास त्याच्या तावडीत सापडतो. प्रचलित मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी पुन्हा, अशी आहे. अडचण मात्रेची आहे. जनावरांच्या औषध दुकानातील एक टक्क्याच्या ज्या बाटलीतून ३०० किलोच्या म्हशीला ६ मिली दिले जाते, त्याच बाटलीतून अर्ध्या किलोच्या बॉल पायथनला ०.०१ मिली, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवरची जेमतेम एक रेघ द्यावी लागेल, आणि तेथे हात किंचित चुकला तरी मात्रा दुप्पट होते. शिवाय कासवांना हे औषध प्राणघातक ठरते. घरात लाल कानाचे कासव असेल, तर आयव्हरमेक्टिनचे फवारे पेट्यांवर मारण्याचा विचारही करू नये. पेटी स्वच्छ करण्याचे काम सुईने टळत नाही, हे वेगळेच.

मातीतील इतर माइट खाणारे शिकारी माइट हा सर्वांत सौम्य पर्याय असला, तरी कीटकनाशकासोबत तो चालत नाही आणि त्याला ओलसर थर लागतो.

एकच साप असलेल्या घराने माझ्या मते फिप्रोनिल आणि पेटीची सफाई यांची जोड निवडावी. नारळाचा भुसा पिशवीत बांधून टाकून द्यावा आणि सहा आठवडे साधा कागद अंथरून तो वारंवार बदलावा. लाकूड व दगडाची लपणे काळ्या प्लॅस्टिकखाली उन्हात तापवावीत; एप्रिल-मे महिन्यांतील आपले ऊन या एका कामासाठी वरदानच आहे, मात्र साप त्या उन्हाच्या आसपासही नसावा. कोरड्या कागदावर कात अडकू नये म्हणून ओल्या फडक्याचा एक डबा ठेवावा आणि ते फडके रोज बदलावे, कारण हाच ओलावा माइटच्या मादीलाही हवा असतो.

साप फिकट पडला, खाणे सोडले किंवा एकाहून अधिक पेट्यांत माइट दिसले, तर आयव्हरमेक्टिनचा निर्णय पशुवैद्यकावर सोपवावा. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे गुराशेळ्यांचाच राबता अधिक असल्याने साप तपासणारे कोणी आहे का, हे आधी फोनवर विचारावे, आणि निघण्यापूर्वी सापाचे वजन ग्रॅममध्ये मोजून लिहून घ्यावे.